पहिली पंगत पोट्ट्यांची

फौजेतून सुटून आलेल्या माणसाला आमच्याकडे लोक ठरलेलेच धंदे सुचवतात. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसा, पोरांना भरतीसाठी पळवा, नाहीतर हायवेवर जाम गावच्या चौकात हॉटेल टाका. आमच्या मेजरनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी बिछायत केंद्र काढलं. शामियाना, तो उभा करायच्या लाकडी बल्ल्या, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज आणि कढया भाड्यानं द्यायच्या, आणि लग्नाच्या घरी जाऊन मांडव उभा करून द्यायचा, असा तो धंदा.

"तंबू ठोकन्यातच जिंदगी गेली माही," ते म्हणाले. "मंग इथंई तेच करतो. इथं कोनी गोळी तं नाई मारनार."

गोळी कोणी मारली नाही, हे खरं आहे.

मेजर म्हणजे माझा नवरा. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, पण गावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. आधी मला ते ऐकून हसू यायचं. मग मीही तेच म्हणायला लागले.

आणि मी बी.कॉम. आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. शेवटचं वर्ष मी लग्न झाल्यावर केलं. आर्वीला एसटीनं जायची, उभ्यानं जायची, आणि परत येऊन भाकरी टाकायची. निकाल लागला तेव्हा मेजर सरहद्दीवर कुठंतरी होते. फोनवर म्हणाले, "आता तू सायेब, आन् मी तुहा जवान." ते गमतीनं म्हणाले असतील, पण मी ते खरंच धरलं. मला माझ्या डिग्रीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायला ती डिग्री मला कोणी फुकट दिलेली नाही.

आमचा संसार सुट्ट्यांवर झाला. ते यायचे, घर पाहुण्यांनी भरायचं, मटण शिजायचं, आणि त्यांच्या अंगाला घरचा वास लागेपर्यंत जायची तारीख यायची. मुलगी अशीच मोठी झाली आणि शिकायला नागपूरला गेली. ते कायमचे घरी आले तेव्हा मला एक पूर्ण वाढलेला माणूस नव्यानं ओळखायचा होता. पहाटे उठून पांघरुणाची अशी घडी करायचे की कोपरे हाताला टोचतील. माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले. मी ते परत माझ्या रीतीनं लावले. असं काही दिवस चाललं, आणि मग एक दिवस डबे जिथले तिथं राहिले. मला वाटलं, जमलं. माणूस घरी आला.

पण त्यांच्या एका जुन्या सुभेदारानं परराज्यातल्या एका कारखान्यात पहाऱ्याची नोकरी त्यांच्यासाठी बघून ठेवली होती. सुभेदार स्वतः तिथं पहाऱ्याचा मुख्य होता. बिछायतीचं सामान टेम्पोतून उतरवलं त्याच दिवशी मेजर मला म्हणाले, "दोन सीझन पाहू. धंदा चालला तं चालला. नाई तं मी जातो तिकडं. घरी बसून खानं मले जमनार नाई."

म्हणून हा धंदा चालावा असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. पेन्शन होती, दोन वेळचं भागत होतं. मला माणूस घरात पाहिजे होता, एवढंच.

आणि धंदा पहिल्या सीझनला चांगला चालला, कारण मेजर तो पलटणीसारखा चालवत होते. कामावर गावातलेच सहा जण होते. पोट्टे म्हणायचो आम्ही त्यांना, पण पोट्टा त्यात कोणीच नव्हता, सगळे बाप्ये, काहींना लेकरं. काही आमच्या मोहल्ल्यातले, काही शेतीवाल्या कास्तकारांच्या घरचे. त्यात एक जण आमच्या गावात घरजावई म्हणून आलेला. त्याला सगळे जवाईच म्हणायचे. सगळ्यांत दांडगा तो आणि सगळ्यांत तोंडाळही तोच.

"जवाई, मानपान सासरी," मेजर म्हणायचे. "इथं बल्ली उचला."

"उचलतो जी. सासऱ्यापरिस तुमी बरे. थो तं बल्ली उचलाले लावते आन् वरून चाय बी देत नाई."

ऑर्डर घेतली की मेजर आधी जागा पाहायला जायचे. रेकी म्हणायचे ते त्याला. वारा कुठून येतो, लग्न लागायच्या वेळी ऊन कोणत्या अंगाला असेल, जमीन काळी की मुरमाड, खुंट धरेल की नाही. दुसरे बिछायतवाले लग्नाच्या सकाळी टेम्पो घेऊन जातात आणि जिथं जागा दिसेल तिथं ठोकतात. मेजर दोन दिवस आधी जाऊन नवरीच्या अंगणात उभे राहायचे आणि आभाळाकडे बघायचे. नवरीच्या घरच्यांना वाटायचं मुहूर्त पाहून राह्यले.

सकाळी टेम्पो निघायच्या आधी पोट्ट्यांना उभं करायचे. आज काय करायचं ते सांगायचे, आणि ते का करायचं हेही सांगायचे. "नुसता हुकूम देला का मानूस हातानं काम करते," त्यांचं म्हणणं. "कारन सांगतलं का डोक्यानं करते." मग विचारायचे, "आज आपला दुश्मन कोन?"

उत्तर "वारा" असं अपेक्षित असायचं. जवाई म्हणायचा, "नवरदेवाचा मामा."

सगळे हसायचे, मेजरही. पुढं काय वाढून ठेवलंय ते कोणाला माहीत होतं!

दोघादोघांची जोडी लावून दिली होती. जोडीतला एक बल्लीवर चढला की दुसऱ्यानं खालून नजर हटवायची नाही. एक आजारी पडला तर दुसऱ्यानं संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायचं. मला हे जरा जास्तीचं वाटायचं. पण त्याच उन्हाळ्यात भर दुपारी एक वावटळ आली आणि शेजारच्या गावातला दुसऱ्याचा मांडव कापडासकट शेतात जाऊन पडला. आमचा शामियाना फुगला, कण्हला आणि जागेवर राहिला. सहाही जण न सांगता आपापल्या दोरावर होते. त्या दिवसापासून लोक म्हणायला लागले, मेजरचा मांडव हालत नाही. तळेगावपर्यंतच्या ऑर्डरी यायला लागल्या. बुकिंग मी घ्यायची. मेजरच्या तोंडी मऊ भाषा नव्हती, आणि गिऱ्हाईक मऊ भाषेला येतं हे मला कॉलेजनं नव्हे, पण कॉलेजच्या वाटेवरच्या एसटीनं शिकवलं होतं.

आता जेवणाची गोष्ट.

मांडववाल्यांनी सगळ्यात शेवटी जेवायचं, हा आमच्याकडे नियम आहे असंही कोणी म्हणत नाही. तसंच असतं. आधी वऱ्हाड, मग पाहुणे, मग गाव, मग घरचे, मग वाढणारे, आणि मग स्वयंपाकी, बँडवाले, बिछायतवाले, जे कोणी उरलेले असतील ते. पोट्टे पहाटेपासून राबलेले असतात. दुपारचे चार वाजतात, कधी पाच. तोवर बुंदी संपलेली असते आणि वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागतं.

मेजरना हे पहिल्याच लग्नात खटकलं. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नवीन भरती झाले तेव्हा ते एका बर्फातल्या चौकीवर होते. तिथला कॅप्टन वयानं त्यांच्याहून थोडाच मोठा, पण शेवटच्या जवानाचं ताट भरेपर्यंत स्वतःचं ताट हातात घ्यायचा नाही. एकदा भाजी संपली. त्यानं मिठाशी पोळी खाल्ली आणि पहाऱ्यावर निघून गेला.

"त्या दिवसापासून," मेजर म्हणाले, "त्यानं आगीत उडी मार म्हटलं असतं तं मी कारन नसतं इचारलं. लीडर मंजे काय, तं एवढंच. बाकी सगळं कवायत."

मग त्यांनी ऑर्डर घेताना अट घालायला सुरुवात केली. माझी माणसं बारा वाजता जेवतील. वरात दारात येवो न येवो. गरम जेवतील, पाट-पाणी घेऊन बसून जेवतील, आणि मी त्यांच्यामागून जेवीन.

मुलीचे बाप हो म्हणायचे. लग्नाच्या आधी मुलीचा बाप कशालाही हो म्हणतो. त्यानं ते ऐकलेलंच नसायचं.

पहिली ठिणगी पडली ती एका कास्तकाराच्या घरी. मी त्या दिवशी हिशेबापायी तिथंच होते. वरात पारावर नाचत होती, डीजेचा आवाज येत होता, आणि इकडे मांडवात आमचे सहा जण ताटावर बसलेले. पुरी, वांगं, बुंदी, कढी. एवढ्यात नवरदेवाचा मामा पुढची व्यवस्था बघायला आला. जवाई म्हणायचा तोच दुश्मन. फेटा बांधलेला, घामानं थबथबलेला.

"हे कोनते पाव्हने?" त्यानं विचारलं. "पोरीकडचे काय?"

"नाई जी, बिछायतवाले," जवाई पुरीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला.

"बिछायतवाले? आन् वऱ्हाड उपाशी?"

मेजर पुढं झाले. "वऱ्हाड अजून नाचून राह्यलं, मामाजी. नाचू द्या. ही मानसं पहाटेपासून उपाशी हायेत."

"मंग? आमच्या आंधी पंगत उष्टी करतीन? तुमचे लोक पहिल्या पंगतीले?"

तुमचे लोक म्हणजे कामवाले, की आणखी काही, हे त्यानं उलगडून सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग ते घेऊन घरी जावं लागलं असतं.

मेजर हलले नाहीत. "कामाची मानसं पहिले जेवतीन. अट सांगतली होती. कोई शक?"

शेवटी मुलीचा बाप धावत आला. त्यानं मामासमोर हात जोडले, वाकला, चुकलं चुकलं म्हणाला. मामानं वेगळा मान मागितला, तो दिला. आणि या सगळ्यात आमचे सहा जण समोरचं ताट खाली मान घालून कसंबसं संपवत होते. मला त्या घटकेला मेजरचा अभिमान वाटला, आणि त्याच घटकेला हेही दिसलं की त्यांच्या ताठ कण्याचे दाम मुलीचा बाप वाकून भरत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मला वाटलं होतं, आपल्या माणसांत तरी असं होणार नाही. विहारात आपण सगळे एका सतरंजीवर बसतो, लग्न पांढऱ्या कपड्यात लावतो, मानपान सोडला असं सांगतो. पुढच्याच महिन्यात माझ्या सासऱ्यांच्या चुलत भावाकडे लग्न होतं, आमचेच काकाजी ते. मेजरनी बारा वाजता पोट्टे बसवले. काकाजी आले, बघितलं, आणि मेजरला कनातीमागं घेऊन गेले. कनात म्हणजे कापडच. सगळं ऐकू आलं.

"काऊन रे बाबू, आपल्यातच असं करतं? व्याही काय म्हनन?"

"आपल्यात तं आधी व्हाले पायजे, काका."

"फौजेत काय केलं ते फौजेत. तिथं सरकारचं रेशन हाये. इथं माह्यं हाये."

काकाजींनी नंतर दोन वर्षं आमच्या घरी पाय ठेवला नाही. मामानं निदान भांडण केलं होतं. काकाजींनी तेही केलं नाही.

दुसऱ्या सीझनला फोन कमी झाले. मांडव हालत नाही, पण मेजर फार हालवतात, असं एक जण मला आर्वीच्या बाजारात तोंडावर म्हणाला. लोकांनी दुसऱ्यांचा मांडव घ्यायला सुरुवात केली, जो उडाला होता तोच. उडालेला मांडव परत आणता येतो, रुसलेलं वऱ्हाड येत नाही.

मी एक मार्ग काढून पाहिला. घरूनच पोट्ट्यांचा डबा द्यायचा. पहाटे उठून भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा असं सगळं टेम्पोत ठेवून दिलं. बारा वाजता टेम्पोच्या सावलीत बसून जेवले, कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत, असं मला वाटलं. तर त्या घरची म्हातारी काठी टेकत टेम्पोपाशी आली.

"काऊन बाप्पा, माह्या घरचं अन्न गोड नाई लागत का तुमाले? नातीचं लगन हाय माह्या, आन् तुमी घरून भाकर आनून खाता? नाव ठेवाले आले का?"

म्हातारीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. लग्नाच्या दारात कोणी स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडून बसलं तर मलाही झोंबलं असतं. डबा त्या एका दिवसावर बंद झाला.

मग एका दुपारी जवाई एकटा घरी आला. मेजर टेम्पोचं काम काढायला गेले होते. ओट्यावर बसला, पाणी प्याला, चप्पल काढली, परत घातली. तोंडाळ माणूस गप्प बसला की भीती वाटते.

"वैनी, मेजरले सांगजा जरा."

"काय सांगू?"

"आमाले मागून खाल्ल्याचं काई नाई वाटत. आजवर तसंच खाल्लं. पन ते आमाले पुढं बसवते, आन् आख्खं लगन आमच्या तोंडाकडं पाह्यते. बुंदी खाऊन राह्यलो का चोरी करून राह्यलो, काई समजत नाई. घास उतरत नाई, वैनी."

"पण ते तुमच्यासाठीच करतात ना?"

"हाव ना. म्हनूनच तं त्याईले सांगता येत नाई." मग तो हसला. "फौजेत सगळ्याईचं ताट एकसारखं असन. इथं मी सासऱ्याच्या घरी बी मागून जेवतो. सवय हाये मले."

मी मेजरना सांगितलं. सगळं नाही सांगितलं, अर्धं सांगितलं. ते अंगणात दोरांना पीळ घालत बसले होते.

"त्याईले लाज वाटते, असं म्हनतं तू?"

"लोक बघतात, त्याची वाटते."

"मंग लोकाईले वाटाले पायजे. याईले कायची?"

"तुमाले धंदा करायचा का गाव सुधरवाचं?" मी चिडून म्हटलं. "बी.कॉम.च्या पुस्तकात गिऱ्हाइकाले राजा म्हनते. तुमी त्याले रिक्रूट समजता."

ते हसले नाहीत. दोर हातात तसाच धरून म्हणाले, "ज्याले मी टायमावर जेवू घालू शकत नाई, त्याले बल्लीवर चढ म्हनून कोन्या तोंडानं सांगू? तूच सांग. तू शिकेल हायेस."

सीझन तर संपत आला होता.

तेव्हाच तळेगावचा एक संत्रा बागायतदार स्वतः आमच्या दारात आला. दोन मुलींची लग्नं एकाच मांडवात. दोन वराती, दोन्हीकडचे पाहुणे. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला आधी मिळाली नव्हती. माणूस सरळ होता, गोड होता. मेजर घरी नव्हते.

"मांडव तुमचाच पायजे," तो म्हणाला. "दोन वराती हायेत, वावटळीचे दिवस हायेत. पन ताई, एक बोलू? जेवनाचं तेवढं जसं सगळीकडं होते तसं होऊ द्या. माह्याकडं एक नाई, दोन मामा हायेत."

मी हसले. मग हो म्हटलं.

मी चूक केली असं मी म्हणणार नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही म्हणणार नाही. ही ऑर्डर गेली असती तर मेजर गेले असते, आणि मी ते थांबवायला बसले होते. मेजर आल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं.

"तू जबान देली?"

"हाव."

"मंग झालं. देलेली जबान पाळाच लागते." आणि ते हात धुवायला गेले.

तो मांडव मी अजून विसरले नाही. दोन वरातींना दोन दारं, मधे हवा खेळेल अशी फट, उन्हाच्या अंगाला दुहेरी कापड. मेजरनी सकाळी पोट्ट्यांना उभं केलं, सगळं समजावून सांगितलं, पण दुश्मन कोण ते विचारलं नाही. जवाईनंच आठवण केली, "मेजर, आज दोन मामा हायेत." मेजर म्हणाले, "चला, टेम्पो काढा."

लग्नं लागली. पंगती बसायला लागल्या. पहिल्या वरातीची, दुसऱ्या वरातीची, मग गावाची. जिथं पाच माणसं बोलावली तिथं दहा आली होती, एवढ्या मोठ्या लग्नात येतातच. पोट्टे खुर्च्या इकडून तिकडे नेत होते, पाण्याचे ड्रम ओढत होते. बारा वाजले. मेजरनी घड्याळाकडे बघितलं आणि मनगट खाली केलं. दोन वाजले. तीन वाजले. मी बायकांच्या पंगतीत बसून जेवून घेतलं होतं, पाहुणी म्हणून आग्रहानं वाढलं होतं मला. मेजर मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ऊन कलतं झालं तेव्हा आमच्या लोकांना हाक आली.

गंजात तळाला लागलेला भात होता आणि वरणाचं पाणी. पुऱ्या संपल्या होत्या. एका कढईत भाजीचा रस्सा होता, त्यात तेलाची तर्री तेवढी तरंगत होती. स्वयंपाकी बिचारा ओशाळला. "दहा मिनटं थांबा, खिचडी टाकतो," म्हणाला. पण लाकडं विझली होती आणि त्याचाही टेम्पो उभा होता.

"राहू दे महाराज," जवाई म्हणाला. "करपेल भाताले तं लोक हॉटेलात पैसे देऊन मांगते." सगळे हसले. एक जण म्हणाला, "जवायाले जास्त वाढा, सासरी गेल्यावर एवढं बी नाई भेटत." पुन्हा हसले. खरंच हसत होते, माझ्यासाठी किंवा मेजरसाठी म्हणून नव्हे. मी नीट बघितलं. त्यांच्या पाठी सैल होत्या. इतक्या दिवसांत जेवताना मी त्यांना असं सैल बसलेलं बघितलं नव्हतं.

मेजरनी स्वयंपाक्याच्या हातातला झारा घेतला. स्वतः गंज खरवडला आणि सहाही ताटांत सारखा सारखा भात घातला. वरणाचं पाणी सारखं वाटलं. शेवटच्या ताटाशी गंज रिकामा झाला.

तेवढ्यात बागायतदार आला. घामाघूम, थकलेला, पण तोंडावर आनंद मावत नव्हता. दोन्ही मुली निघायच्या होत्या. त्यानं मेजरचा हात धरला.

"मेजर, काय मांडव देला! पुढच्या साली पुतन्याचं हाये, तुमालेच सांगून ठेवतो. चला, तुमचं ताट घरात काढून ठेवलं. बुंदी, पुरी, सगळं. तुमाले विसरतो का मी?"

चांगल्या मनानं बोलला तो. त्यानं खरंच ताट झाकून ठेवलं होतं, मी मघाशी घरात गेले तेव्हा बघितलं होतं.

मेजर म्हणाले, "माह्यं झालं जी."

"कधी झालं?"

"झालं, झालं. तुमी लेकीकडं जा."

झारा त्यांच्या हातातच होता. पोट्टे खाली मान घालून भात कालवत होते. कोणीच वर बघितलं नाही.

टेम्पोत आम्ही पुढं बसलो होतो. आर्वीचं वळण आलं. मी म्हटलं, "घरी जाऊन पिठलं टाकते." ते हो म्हणाले, आणि घरी आल्यावर जेवलेही. राग दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मला वाटलं, निभावलं. धंदाही राहिला आणि माणूसही.

आठवड्यात त्यांनी सुभेदाराला फोन लावला. माझ्यासमोरच लावला.

"एका जेवनासाठी?" मी विचारलं. "एवढ्यासाठी जाता तुमी?"

"जेवनासाठी नाई."

"मंग कायसाठी? आता तं धंदा चालन. ऑर्डरी येतीन. तुमीच म्हनले होते, धंदा चालला तं राहीन."

"चालन ना. तू चालवशीन, चांगला चालवशीन. पोट्टे बी चांगले हायेत." मग थांबून म्हणाले, "सहाच्या सहा जनाईले मी करपेल भात वाढला. एकाच्याबी कपाळावर आठी नाई. हासून राह्यले होते. एकाले तरी राग याले पायजे होता, वं. माह्यावर याले पायजे होता. मी दोन साल काय शिकवलं त्याईले मंग?"

"खुश होते ते. त्यात वाईट काय?"

"काईच नाई," ते म्हणाले. "म्हनूनच तं."

मी रडले, भांडले. बी.कॉम.चा काही उपयोग झाला नाही. ज्या धंद्यामुळे ते राहणार होते तो धंदा मी वाचवला, आणि त्या वाचवण्यातच ते निघाले. हा कोणता हिशेब, कोणत्या बाजूला लिहायचा, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

जायच्या आधी त्यांनी गोदामात पोट्ट्यांना एकदा उभं केलं. कोणता दोर कमजोर आहे, कोणती बल्ली उन्हात ठेवायची नाही, जोड्या मोडू नका, एवढंच सांगितलं. जवाई म्हणाला, "मेजर, सुट्टीवर येजा." मेजर म्हणाले, "येतो ना." जवाई बल्ल्या मोजायला लागला.

आता धंदा चालतो. खोटं कशाला सांगू, आधीपेक्षा चांगला चालतो. जागा पाहायला मी जाते. वारा बघायला शिकले. सकाळी पोट्ट्यांना काम सांगते, कारणही सांगते, ते त्यांचं शिकवलेलं आहे आणि ते खरंच कामाचं आहे. अट मात्र घालत नाही. पोट्टे शेवटच्या पंगतीला बसतात. कधी सगळं मिळतं, कधी तळाचं. काकाजी परत यायला लागले आहेत. गेल्या लग्नात माझी ओळख करून देताना ते म्हणाले, "आमची सून. ग्रॅज्युएट हाये. मांडव पाहा तिचा."

मेजर कारखान्याच्या फाटकावर असतात. तिथं पहारेकऱ्यांची खानावळ वेगळी आहे आणि साहेबांची वेगळी. मी एकदा विचारलं, तुमी जेवता कधी. म्हणाले, "बदली मानूस आला का मंग." तो कधी येतो, ते सांगितलं नाही.

त्यांना दुपारी मोकळा वेळ मिळतो, तेव्हा फोन करतात. लग्नाच्या दिवशी नेमकी ती वेळ पंगतींची असते. मी मांडवाच्या कडेला जाऊन, एका कानावर हात ठेवून बोलते. मुलीचं विचारतात, टेम्पोचं विचारतात. शेवटी विचारतात, "पोट्टे जेवले काय?"

समोर गावाची पंगत बसलेली असते. जवाई पाण्याचा ड्रम ओढत असतो.

"हाव," मी म्हणते. "जेवले."